चुलीचा धूर आणि टाकीचा वायु

अहमदपूरकडील जुन्या माळवदाच्या घरांत धूर जाण्यासाठीं छताला झरोका ठेवीत. धूर वर जातो, ही साधी जाण त्यामागें होती. आतां त्याच स्वयंपाकघरांत गॅसची टाकी आली आहे. मुंबईंत १९५५ सालीं ह्या वायूची विक्री सुरू झाली. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनें तो खेडोपाडींच्या असंख्य घरांत पोंचला. परंतु त्याचा स्वभाव धुराच्या अगदीं उलट आहे.

टाकींत प्रोपेन व ब्यूटेन हे वायु दाबाखालीं द्रवरूपानें भरलेले असतात. द्रव बाहेर पडला म्हणजे त्याचा सुमारें २५० पट वायु होतो. हा वायु हवेहून दीडपट ते दुप्पट जड. म्हणून तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखालीं सांचतो, मोरींत उतरतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा २ ते ९ असलें, कीं एक ठिणगी पुरते. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलींत तितकें प्रमाण होण्यास सुमारें सव्वा किलो वायु बस्स होतो. घरगुती भरल्या टाकींत तो १४.२ किलो असतो.

मोठ्या कारखान्यांतहि हा स्वभाव पालटत नाहीं. ५ नोव्हेंबर १९९० रोजीं रायगड जिल्ह्यांतील नागोठणें येथील प्रकल्पांत इथेन व प्रोपेन ह्या वायूंची गळती होऊन स्फोट झाला आणि तीसांहून अधिक माणसें दगावलीं.

मूळ वायूला वास नाहीं. गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचें मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. पण वास आला, कीं माणूस दिवा लावून पाहूं लागतो, आणि घात होतो तो येथेंच. कारण विजेचें बटण दाबतांना आंत बारीक ठिणगी उडते. म्हणून अशा वेळीं दिवा किंवा पंखा लावूं नये, चालू असल्यास बंदहि करूं नये. रेग्युलेटर बंद करावा, शेगडी व देवापुढील समई विझवावी, दारें-खिडक्या उघडाव्या, माणसें बाहेर न्यावीं आणि बाहेर आल्यावरच १९०६ ह्या क्रमांकावर कळवावें. वरचा झरोका येथें पुरत नाहीं. जमिनीलगतचा वायु उंबऱ्यावरूनच बाहेर जाणार.

रात्रीं निजण्यापूर्वीं रेग्युलेटर बंद करण्यास क्षणभरहि लागत नाहीं. पूर्वीं गृहिणी निजण्याआधीं चुलींतील विस्तव राखेखालीं झांकून ठेवी. तीच दक्षता आतां टाकीपाशीं हवी.