जुन्या गाडीचे ब्रेक: कमी खर्चात पक्कं काम

जुन्या मोटरसायकलवर डबे किंवा दूध पोचवायचा धंदा सुरू करताय? मग पहिला खर्च ब्रेकवर करा. मागे वजन वाढलं की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

लगेच डिस्क बसवायची घाई नको. त्यासाठी चाक, फोर्क असं बरंच काही बदलावं लागतं. आहे तो ड्रम ब्रेकच मेकॅनिककडून नीट करून घ्या. लायनर झिजले असतील तर चांगल्या कंपनीचे ब्रेक शू टाका. ड्रममधली धूळ फुंकू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. ड्रम गुळगुळीत चकाकत असेल तर हलका पॉलिश पेपर मारा. ग्रीस फक्त कॅमला, तेही थोडंसंच. लायनरला लागलं तर ब्रेक घसरतो. केबल जड झाली असेल तर नवी घाला.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एका ब्रेकने दोन्ही चाकं धरणारी सीबीएस सक्तीची झाली. जुन्या गाडीत ती नसते, म्हणून पुढचा-मागचा ब्रेक सोबत दाबायची सवय लावा.

शेवटी, नेहमीचं वजन लादून मोकळ्या मैदानात गाडी थांबवून बघा. मगच पहिली ऑर्डर घ्या. डबा दहा मिनिटं उशिरा गेला तरी चालेल, तुम्ही धडधाकट घरी पोचलं पाहिजे.