हिमनदी व्याते तेव्हा

अंटार्क्टिकात मोठा हिमनग सुटला की आपल्याकडे त्याचे माप ओळखीच्या मुलखात सांगतात. मे 2021 मध्ये रॉन इथून सुटलेला ए-76 हा 4,320 चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे 3,702 चौरस किलोमीटरच्या गोव्याहून मोठा. जुलै 2017 मधला ए-68 सुमारे 5,800 चौरस किलोमीटरचा; आमचा अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा (5,207) त्यावर ठेवला तरी कडेने जागा उरली असती. मार्च 2000 मध्ये रॉस इथून निघालेला बी-15 दोन सिंधुदुर्गांएवढा होता. अशी बातमी आली की कसालच्या नाक्यावर मला हटकून प्रश्न येतो, "मगे आता देवबाग बुडतला काय?" एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या वाळूवर वसलेल्या गावाबद्दलचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी काही शिकलेला हिमशास्त्रज्ञ नव्हे. शोधनिबंध आणि उपग्रहांची छायाचित्रे वर्षानुवर्षे चाळताना जे उमगले, त्याच्या आधारे उत्तर देतो.

हिमनग म्हणजे गोठलेला समुद्र नव्हे. तो जमिनीवर पडलेल्या हिमाचा बर्फ असतो. हजारो वर्षे थरावर थर पडून खालचे हिम दाबाने घट्ट होते, आणि ताटात ओतलेली काकवी जशी स्वतःच्याच वजनाने पसरते तसा हा बर्फ सावकाश समुद्राकडे सरकतो. किनाऱ्यावर पोचूनही तो थांबत नाही. पाणी पुरेसे खोल मिळाले की तो तळ सोडून तरंगू लागतो, पण मागच्या बर्फाला जोडलेलाच राहतो. या तरंगत्या भागाला इंग्रजीत आईस शेल्फ म्हणतात, मी हिमफळी म्हणतो. तिची जाडी शेकडो मीटर असते.

मालवणच्या धक्क्यावरून होडीत टाकलेली फळी आठवा. एक टोक धक्क्यावर पक्के, दुसरे भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारे. हिमफळीही जमीन सोडते त्या रेषेवर रोज अशीच वाकते. शिवाय तिच्याखाली आता घर्षण नसते, त्यामुळे ती समुद्राकडे अधिक पसरते, ताणली जाते आणि तिला भेगा पडतात. या भेगा वर्षानुवर्षे वाढत, एकमेकींना मिळत आरपार चीर तयार होते. चीर दुसऱ्या कडेला पोचली की हिमनग मोकळा. समोरच्या कड्यावर वेगळेच काम चालू असते. जांभ्याच्या कड्याला पायथ्याशी लाटा पोखरतात आणि वरचा ओठ कोसळतो, तसेच तिथेही घडते. पण बर्फ तरंगणारा असल्याने पुढची पायरी आपल्या कड्याला नाही: वरचा भार गेला की पाण्याखाली पुढे आलेला बर्फाचा पाय वर उसळू पाहतो आणि तोही मोडतो.

ग्रीनलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी अशी फळीच नसते. उभा कडा थेट समुद्रात मोडतो, प्रचंड तुकडे उलटताना मागच्या हिमनदीला धक्का देतात, आणि त्याची नोंद दूरच्या भूकंपमापकांवर 5 च्या आसपासच्या भूकंपासारखी होते. आपल्या हिमालयात यातले काही नाही. गोमुखाला बर्फ कोसळतो तो भागीरथीत.

इंग्रजीत या घटनेसाठी गाय विण्याचेच क्रियापद वापरतात, आणि मला ते आपल्या 'तुटणे'पेक्षा योग्य वाटते. तुटण्यात मोडतोड आहे. विणे हा नित्यक्रम. डोक्यावर हिम पडत राहणार तर पायाशी ते खर्चही व्हायला हवे. अंटार्क्टिकातल्या हिमफळ्यांचा साधारण निम्मा खर्च हिमनगांच्या रूपाने होतो आणि निम्मा खालून समुद्राच्या पाण्याने वितळून.

हिमफळी म्हणजे जमीन नव्हे, हे आपल्या देशाने अनुभवाने जाणले आहे. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली भारतीय मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' जहाजाने निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे 1983-84 मध्ये उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे हिमफळीवर होते. साचत्या हिमाखाली ते गाडले जाऊ लागले आणि 1990 मध्ये बंद करावे लागले. 'मैत्री' आणि 2012 मधले 'भारती' ही ठाणी खडकावर आहेत. तरी मैत्रीसाठीचा माल आजही हिमफळीच्या काठावर उतरवतात, म्हणजे उद्याच्या हिमनगावरच! भारतीच्या शेजारच्या ॲमेरी हिमफळीचा एक भाग 'हलता दात' म्हणून वर्षानुवर्षे पाहणीखाली होता. सप्टेंबर 2019 मध्ये 1,636 चौरस किलोमीटरचा डी-28 सुटला तो त्याच्या शेजारून. हलता दात जागेवरच राहिला. चीर कुठे पडली आहे ते दिसते, पण ती केव्हा पार होईल याची तारीख सांगता येत नाही.

आता देवबागचा प्रश्न. कोकम सरबताच्या काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगत असेल, तर तो विरघळला म्हणून पेला सांडत नाही. खडा तरंगतानाच स्वतःच्या वजनाइतके सरबत बाजूला सारून बसलेला असतो. ए-68 सुटण्यापूर्वीही तरंगतच होता. खारे पाणी आणि गोडे बर्फ यांमुळे पडणारा फरक फार किरकोळ. तेव्हा हिमनग सुटला म्हणून समुद्र वाढत नाही.

वाढतो तो फळीमागची हिमनदी मोकळी झाल्यावर. 2002 च्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, लार्सन-बी या हिमफळीवर वितळलेल्या पाण्याची तळी साचली. कोरडी भेग खोलवर गेली की भोवतीच्या बर्फाच्या दाबाने मिटू पाहते. पाण्याने भरलेली मिटत नाही, कारण पाणी बर्फाहून जड. ते भेग फाडत तळापर्यंत जाते. सुमारे 3,250 चौरस किलोमीटरचा भाग महिन्याभरात चुरा झाला. तोही तरंगताच, त्यामुळे त्या दिवशी समुद्र वाढला नाही. पण तिच्यामागच्या काही हिमनद्यांचा वेग पुढे आठपटीपर्यंत गेला, आणि त्यांनी आणलेला बर्फ जमिनीवरचा होता. तो समुद्रात आला तेवढी भर नवी. दक्षिणेच्या फ्लास्क आणि लेपर्ड या हिमनद्यांपुढे फळीचा तुकडा शिल्लक होता. त्या तेव्हा वेगावल्या नाहीत. एवढा स्वच्छ पुरावा निसर्ग क्वचितच हाती देतो.

त्यामुळे हिमनगाच्या क्षेत्रफळापेक्षा तो फळीच्या कुठल्या भागातून गेला, हे मी आधी पाहतो. फळी बाजूच्या डोंगरांना किंवा समुद्रतळातल्या उंचवट्यांना टेकून मागच्या हिमनदीला रोखते. त्या टेकूंच्या पुढचा तुकडा गेला तर मागे फारसा फरक पडत नाही. टेकूजवळचा लहान तुकडा मात्र महाग पडतो. पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीत जगभरचा समुद्र सुमारे 65 सेंटिमीटरने वाढवील एवढा बर्फ आहे. तिच्या पूर्वेकडच्या हिमफळीचे टोक समुद्रतळातल्या एका उंचवट्याला टेकलेले आहे. खालून येणाऱ्या कोमट पाण्याने ती फळी पातळ होते आहे, तिच्यात भेगा वाढत आहेत, आणि त्या उंचवट्यावरची तिची पकड सैल होत चालली आहे.