ड्रोनचा व्हिडिओ आणि पेटीचा भाव

वेबसाइट करून घ्यायला येणारा मालक दोन गोष्टी हमखास घेऊन येतो: दुसऱ्याच्या साइटचा स्क्रीनशॉट आणि मुहूर्त. देवगडच्या एका आंबा बागायतदाराने तिसरीही आणली होती. बागेवर ड्रोन उडवून केलेला व्हिडिओ, बघताना डोळे निवावेत असा. साइट उघडताच तोच दिसला पाहिजे आणि पाडव्याआधी सगळं सुरू झालं पाहिजे. ‘‘आणि मॅडम, एकदा झाली की परत त्यात बघायला लागू नये.’’

हे शेवटचं वाक्य मी या धंद्यात आल्यापासून ऐकते आहे. खरं तर साइट सुरू होते त्या दिवशी आमच्या हाती नुसते अंदाज असतात. मालकाचा एक, माझा एक. गिऱ्हाईक तिथे येऊन काय करतं ते त्यानंतरच कळायला लागतं.

व्हिडिओवरून मी त्यांना ओबामांची हकिकत सांगितली. डिसेंबर २००७मध्ये त्यांच्या प्रचाराच्या साइटवर ४ बटणं आणि ६ फोटो-व्हिडिओ घेऊन २४ जोड्या केल्या गेल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्यातली कुठलीही एक दिसायची. अशी तीन लाखांवर माणसं येऊन गेली. प्रचारातल्या मंडळींची भिस्त एका व्हिडिओवर होती. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ मागे पडले. ओबामा कुटुंबाचा साधा फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण पुढे गेलं, आणि नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर पोचलं. ए/बी टेस्टिंग म्हणतात त्याचंच हे मोठं रूप.

एवढं ऐकलं की लोक बटण हिरवं ठेवायचं की केशरी, याची परीक्षा घ्यायला निघतात. छोट्या धंद्याने त्या फंदात पडू नये. शंभरातले दोघे माल घेत असतील आणि ते अडीच झाले की नाही हे खात्रीने सांगायचं असेल, तर दोन्ही बाजूंना साधारण १४-१४ हजार माणसं लागतात. देवगडच्या साइटला हंगामात तेवढी यायची कुठून? पाच-पंचवीस ऑर्डरींच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे छापा-काटा.

त्यापेक्षा साइट वापरायला सोपी कशी करावी याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब आमच्या कामाचा. पाच माणसांना साइट वापरताना बघितलं तर बहुतेक अडचणी सापडतात. मी शेजारच्या काकूंच्या हातात फोन दिला, ‘‘दोन डझन आंबे मागवा’’ म्हटलं आणि गप्प बसले. (हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड; जीभ शिवशिवते.) व्हिडिओ काकूंनी अंगठ्याने वर सारला. मग ‘‘पेटीत किती असतात गं?’’ भाव पेटीचा होता, बागायतदाराच्या डोक्यात पाच डझनांची पेटी होती, आणि साइटवर तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. आंबे तयार येणार की कच्चे, तेही नाही. पिनकोड आणि पाठवणीचा खर्च निघाला शेवटच्या पानावर. ‘‘हे आधी सांगायचं ना!’’ म्हणत काकूंनी फोन परत दिला.

भाव डझनावर आणला. पुढच्या आठवड्यात पिनकोडची चौकट वर घेतली. मग आंबे पिकायला किती दिवस लागतील ते लिहिलं. एका वेळी एकच बदल, तो लोकांपुढे ठेवायचा, काय होतं ते बघायचं, मग पुढचा. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेत यूटामधल्या स्नोबर्डला १७ सॉफ्टवेअरवाल्यांनी ज्या पद्धतीचा जाहीरनामा काढला, त्या ‘अजाइल’चा गाभा एवढाच आहे. बाकीचं अवडंबर नंतरचं.

मोजमापाला बागायतदाराची वही होती. व्हॉट्सअॅपवर आणि फोनवर कोण काय विचारतं ते त्यात टिपायला सांगितलं होतं. ‘पेटीत किती’ हा प्रश्न आठवडाभरात जवळपास बंद झाला. मे महिन्यात ऑर्डरी वाढल्या, त्याचं श्रेय मात्र मी साइटला देणार नाही. तेव्हा आंब्याचा भावच उतरला होता. ड्रोनचा व्हिडिओ ‘आमची बाग’ या पानावर गेला. मालक त्यावरून अजून थोडे नाराज आहेत.

तुम्ही साइट करून घेणार असाल तर सगळे पैसे उद्घाटनापर्यंत संपवू नका. निदान तिसरा हिस्सा नंतरच्या दुरुस्त्यांसाठी राखा. आणि डोमेन (साइटचा पत्ता) नि अॅनालिटिक्सचं (साइटवर लोक काय करतात ते मोजणारं) खातं स्वतःच्या नावावर घ्या, साइट करून देणाऱ्याच्या नावावर ठेवू नका.