एक दिवा, दोन दिवे

"काका, मान हलवायची नाही. नुसत्या डोळ्यांनी टॉर्चकडे बघा."

रस्त्यावर एका रिक्षाच्या दोन दिसायला लागल्या की माणूस डोळे तपासण्याच्या या खोलीत येतो. आधी एक डोळा झाकायला सांगतात. झाकल्यावरही दोनच दिसत असतील, तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबरात नाहीतर मोतीबिंदूत. कुठलाही डोळा झाकला की दुसरी प्रतिमा पळत असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडलेला.

एका डोळ्याला फिरवणारे स्नायू सहा, त्यांना हुकूम देणाऱ्या नसा तीनच: तिसरी, चौथी आणि सहावी. सहावी फक्त डोळा कानाकडे वळवते. ती दुबळी झाली, की टॉर्च उजवीकडे सरकते, उजवा डोळा मध्येच अडतो, आणि "आता लांब गेले दोन्ही दिवे," असं काका सांगतात. निदानाचा निम्मा भाग पेशंटच्या तोंडूनच येतो.

चौथी नस लबाड. प्रतिमा वर-खाली होतात, जिना उतरताना पाऊल चुकतं, मान नकळत दुसऱ्या खांद्याकडे कलते. अशा वेळी डॉक्टर चक्क घरचे जुने फोटो मागवतात. शाळेच्या ग्रुप फोटोतही मान तिरकीच असेल, तर दुखणं बहुधा जन्मापासूनचं. इतकी वर्षं मेंदूनं सांभाळून घेतलेलं.

तिसरी नस दुखावली की पापणी पडते आणि सगळ्यांचं लक्ष बाहुलीवर जातं. बाहुली आकुंचित करणारे धागे या नसेच्या पृष्ठभागावर असतात. मधुमेहात आतला रक्तपुरवठा तुटतो, बाहुली बहुतेकदा वाचते. ती मोठी झाली असेल, तर मेंदूतल्या धमनीचा फुगा नस दाबत असल्याची शंका येते, आणि अँजिओग्राफी उद्यावर टाकत नाहीत.

मग हेस चार्ट, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींचा नकाशा. स्वित्झर्लंडचे वॉल्टर हेस यांनी १९०८ मध्ये ही पद्धत मांडली. मेंदूवरच्या संशोधनासाठी पुढे १९४९ चं नोबेल त्यांना मिळालं. लाल-हिरवा चष्मा लावून काका पडद्यावर खुणा करतात. खुणा जोडल्या की दुबळ्या डोळ्याची चौकट आक्रसलेली, दुसऱ्याची फुगलेली.

औषध फारसं नाटकी नसतं. साखर आणि रक्तदाब आटोक्यात, एका डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्याच्या काचेवर प्रिझमची पातळ चकती, गाडी चालवणं बंद. मधुमेहातली नस बहुधा तीनेक महिन्यांत सावरते. नवा चार्ट जुन्याशेजारी ठेवतात. चौकट रुंदावली असेल तर प्रिझम उतरवत नेतात. सहा महिन्यांनंतरही ती तशीच असेल, तर शस्त्रक्रियेचा विषय निघतो.