न लागलेला तपास

खुनाच्या गोष्टीत वाचकाला एकच प्रश्न पडतो : मारेकरी कोण? आज आम्ही ज्या प्रकरणाविषयी सांगणार आहोत, त्यात आधीचाच प्रश्न सुटला नव्हता : मेला कोण?

१९८५ साली मुंबईत शीव आणि किंग्ज सर्कल या भागांत, रात्री उघड्यावर एकटी झोपणारी माणसे मेलेली सापडू लागली. झोपलेल्याच्या डोक्यात मोठा दगड घालावयाचा, ही त्यातली रीत. कधी कधी दगडाचे वजन ३० किलोपर्यंत असे. सुमारे दोन वर्षांत असे १२ बळी गेले. सहावा खून होईतो हे एकाच हातचे काम असावे, हे पोलिसांच्या ध्यानी आले नाही. शीवला एक बेघर वेटर हल्ल्यातून वाचला. पण अंधारात त्याला मारेकऱ्याचा चेहरा दिसला नाही. पुढे खून थांबले. १९८९ साली कलकत्त्यात तसेच सत्र सुरू होऊन १३ माणसे मेली. तेथील वृत्तपत्रांनी मारेकऱ्याला ‘स्टोनमॅन’ हे नाव दिले. दोन्हीकडे माणूस एकच होता काय, हे सिद्ध झाले नाही आणि कोणीही दोषी ठरला नाही.

हा तपास का अडला? खुनाच्या तपासात पोलीस मृतापासून सुरुवात करतात. त्याचे वैर कोणाशी, देणेघेणे काय, शेवटचा तो कोणाबरोबर दिसला, हे विचारतात. येथे बहुतेकांची ओळखच पटली नाही. मग विचारणार कोणाला? हत्यारही रस्त्यावरचाच दगड. तो कोणी विकत घेतला नव्हता, आणि खडबडीत दगडावर बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत. याउलट रामन राघवचे प्रकरण पाहा. तोही झोपलेल्या गरिबांनाच मारीत असे. रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली तपास चालला आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी फौजदार अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला छायाचित्रावरून व वर्णनावरून ओळखून पकडले. तेथे जुनी नोंद कामी आली.

आणखी एक गोष्ट. १९८१ साली मुख्यमंत्री अंतुले यांनी, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी, पदपथवासीयांना मुंबईतून हलवून मूळ गावी पाठविण्याचे जाहीर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच मोडतो असे सांगितले; पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मानला नाही. खुनांचे सत्र सुरू झाले ते याच वर्षी.

ही मुंबईची गोष्ट अलिबागेस कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या बंदरांत परमुलखातले खलाशी होडीवरच झोपतात. वीटभट्टीवरचे कुटुंब भट्टीशेजारीच निजते. त्यांतला एखादा उद्या मेला, तर त्याचे नाव, गाव आणि घरच्यांचा पत्ता कोणाच्या वहीत सापडेल? कामगार-चळवळीत आम्ही हजेरीपटासाठी भांडत आलो. तो पगारासाठी लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. माणूस मेल्यावर त्याच्यासाठी न्याय मागावयाचा झाल्यासही तोच लागतो. तेव्हा होडीमालकाने व भट्टीमालकाने कामावर येणाऱ्याची नोंद पहिल्याच दिवशी करावी, आणि ती झाली की नाही हे आपण गावकऱ्यांनी विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.