छत्तिसाव्या फेरीतले सत्तांतर

अमेरिकेची राज्यघटना 1787 मध्ये लिहिली गेली, तेव्हा राजकीय पक्ष कोणी हिशेबातच धरले नव्हते. त्यामुळे निर्वाचक मंडळाचा नियम साधा ठेवला गेला. प्रत्येक निर्वाचकाने दोन नावांना मत द्यायचे. बहुमत मिळवून पहिला येईल तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. वॉशिंग्टन होते तोवर हे निभावले. 1796 मध्ये मात्र फेडरलिस्ट जॉन अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, रिपब्लिकन थॉमस जेफरसन, उपाध्यक्ष. (हा पक्ष आजच्या रिपब्लिकन पक्षाहून वेगळा.)

1800 मध्ये या नियमाचे पितळ उघडे पडले. रिपब्लिकन निर्वाचकांनी पक्षाची शिस्त काटेकोर पाळली आणि जेफरसन व त्यांचे जोडीदार एरन बर या दोघांनाही 73 मते पडली. अ‍ॅडम्सना 65. गुलामांना मताचा हक्क नव्हता, तरी त्यांची तीन-पंचमांश संख्या धरून दक्षिणेला जादा निर्वाचक मिळत. जेफरसन यांच्या विजयातला तो कलंक झाकता येत नाही.

बरोबरीचा निकाल प्रतिनिधीगृहाकडे गेला, आणि तिथे बहुमत पराभूत फेडरलिस्टांचे! पण मोजणी राज्यवार होती: 16 राज्ये, प्रत्येकी एक मत, विजयाला 9 हवीत. 11 फेब्रुवारी 1801 पासून 35 फेऱ्या झाल्या. जेफरसन 8, बर 6, दोन राज्ये दुभंगलेली. मेरीलँडचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणले होते. ते नसते तर त्यांचे राज्य बर यांच्याकडे गेले असते, म्हणून बर्फातून त्यांना आणले गेले. शेजारच्या खोलीत अंथरुणावरूनच ते मत देत राहिले.

कोंडी फोडली ती डेलावेअरचे एकुलते एक प्रतिनिधी, फेडरलिस्ट जेम्स बेयर्ड यांनी. बर यांचा पाठिंबा सोडत असल्याचे त्यांनी स्वपक्षीयांना बजावले. 17 फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँट आणि मेरीलँडचे फेडरलिस्ट बाजूला झाले आणि जेफरसन 10 राज्यांनिशी जिंकले. आपल्याला काही आश्वासने मिळाली होती, असे बेयर्ड पुढे सांगत राहिले. जेफरसन यांनी ते नाकारले. मला यात सौदेबाजीपेक्षा बेयर्ड यांचा विवेक मोठा वाटतो.

अ‍ॅडम्स 4 मार्चला पहाटेच वॉशिंग्टन सोडून गेले, शपथविधीला थांबले नाहीत. पण शस्त्र न उचलता सत्ता विरोधकांच्या हाती गेली.

1804 च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांची मते वेगळी केली. राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणालाच बहुमत न मिळाल्यास प्रतिनिधीगृहात प्रत्येक राज्याला एकच मत, हा नियम मात्र आजही कायम आहे.