केशरी भिंतीने स्वयंपाकघर उबदार होत नाही

नव्या फ्लॅटमधली स्वयंपाकघरं हल्ली बहुतेक एकाच घराण्यातली असतात. बिस्किटी नाहीतर करड्या ट्रॉल्या, पांढऱ्या डॅडो टाइल्स, फिकट दगडाचा ओटा. वास्तुशांतीला आलेली मंडळी तोंडभरून कौतुक करतात आणि महिन्याभरात घरच्यांनाच ते दवाखान्यासारखं वाटू लागतं. मग ठरलेला सल्ला येतो: ‘एक भिंत केशरी करून टाका, बघा कसं उबदार वाटेल.’ रंगारी हेच सांगतो, सनमायकावाला हेच सांगतो, शेजारच्या काकूही हेच सांगतात. सगळे इतक्या खात्रीने सांगतात की विचारायचीही सोय नाही, ‘कशावरून?’

सल्ला नुसताच निरुपयोगी असता तर सोडून दिलं असतं. पण करड्या स्वयंपाकघरात तो चक्क उलटा पडतो. डोळा कुठलाही रंग एकटा पाहत नाही, शेजाऱ्याच्या तुलनेत पाहतो. भडक रंगाच्या शेजारी करडा ठेवला की त्या करड्यावर भडक रंगाच्या विरुद्ध रंगाची झाक दिसू लागते. केशरीच्या विरुद्ध निळा. म्हणजे ज्या ट्रॉल्या आधीच थंड वाटत होत्या त्या केशरी भिंतीशेजारी आणखी निळसर दिसणार, आणि बिस्किटी असतील तर मळकट दिसणार. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता आणि विणकरांची तक्रार होती की काळा रंग नीट उतरत नाही. त्याने तपासलं तर रंगात काही खोट नव्हती, काळ्या धाग्याशेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिकट पाडत होते. रंगाऱ्याला शेव्रल माहीत नसेल तर बिघडत नाही, पण पाच हजारांचा रंग लावण्याआधी केशरी कार्डपेपर ट्रॉलीला टेकवून बघायला काय हरकत आहे?

खरा दोषी शोधायचा तर मान वर करा. छताच्या मधोमध किंवा दाराच्या डोक्यावर एक ट्यूब असते आणि तिच्या खोक्यावर ‘कूल डेलाइट, ६५०० के’ असं छापलेलं असतं. हा ‘के’चा, म्हणजे केल्विनचा, आकडा ताकदीचा नाही, उजेडाच्या रंगाचा आहे. ‘जास्त के म्हणजे जास्त पॉवर’ असं सांगणारे दुकानदार भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावं. आकडा वाढला की उजेड निळसर होतो. मेणबत्ती साधारण १९००, जुना तारेचा दिवा २७००, वॉर्म व्हाइट एलईडी ३०००, नॅचरल व्हाइट ४०००. लाल किंवा तपकिरी लॅमिनेट निळसर उजेडातला बराच भाग गिळून टाकतं. पांढऱ्या टाइलला स्वतःचं मत नसतं. वरून जे येईल तेच ती खोलीभर पसरवते. म्हणून तीच ट्यूब आजीच्या काळपट, धुरकट स्वयंपाकघरात खपून गेली आणि इथे डोळ्यांत येते.

यावर लगेच उत्तर येतं, ‘पण पिवळ्या दिव्यात दिसत नाही हो!’ ही आठवण ४० वॅटच्या बल्बची आहे. किती उजेड पडतो ते ल्युमेनवर ठरतं, आणि तोही आकडा खोक्यावर असतो. एकाच कंपनीचे नऊ वॅटचे दोन एलईडी घेतले तर वॉर्म व्हाइटचे ल्युमेन थोडेच कमी भरतात. दिसत नाही याचं कारण दुसरंच आहे: ट्यूब पाठीमागे, आपण मध्ये, आणि कोथिंबीर चिरायची ती स्वतःच्याच सावलीत. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावली की उजेड थेट विळीवर पडतो. पट्टी आणि छतावरचा दिवा दोन्ही ३००० चे घ्या. फारच जिवावर येत असेल तर दोन्ही ४००० चे. एक निळा, एक पिवळा अशी खिचडी मात्र नको, त्यात दोन्ही वाईट दिसतात.

आणखी एक आकडा बघायचा, सीआरआय: दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. त्यातही एक ग्यानबाची मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात. गडद लाल, ज्याला आर-नाइन म्हणतात, तो त्या आठांत येतच नाही. त्यामुळे सीआरआय ८० छापलेल्या दिव्याखालीही टोमॅटो मरगळलेला दिसू शकतो. परीक्षा सोपी आहे: मिसळणाचा डबा दुपारी खिडकीत उघडा आणि रात्री दिव्याखाली. तिखट विटकरी-करडं दिसलं तर दिवा बदला. ९० च्या पुढचा दिवा थोडा महाग पडतो, पण केशरी भिंतीपेक्षा स्वस्तच.

दिवा बदलल्यावरही थंडपणा उरला तर रंगाच्या आधी पृष्ठभाग बघा. आरशासारख्या चकचकीत शटरमध्ये दिव्याची रेघ उमटते आणि डोळा तिथेच अडकतो. मॅट शटर तो उजेड पसरवून टाकतं. सनमायकाचे नमुने दुकानात पसंत करू नका, घरी आणून ट्रॉलीसारखे उभे धरा आणि संध्याकाळी बघा. ओट्यावर पोळपाट, रोवळी, लाकडी काठवट उघडी राहिली तर लाज वाटण्याचं कारण नाही. पितळी डबे डोळ्याला ऊब देतात, हाताला मात्र लाकडापेक्षा कितीतरी गार लागतात, कारण धातू हातातली उष्णता झटकन ओढून घेतो. म्हणून ट्रॉलीची मूठ लाकडाची बरी.

बाकीचे गैरसमज उभ्या-उभ्या. लाल रंगाने भूक वाढते: याला भक्कम पुरावा नाही, आणि आपल्याकडे फोडणीचा वास पुरतो. फिकट ओट्यावर हळदीचा डाग कायमचा राहतो: हळदीचा रंग उन्हात उडतो, खिडकीजवळचा डाग बऱ्याचदा आपोआप फिका पडतो. संगमरवर लिंबाने डागाळतो: तो डाग नसतोच, आम्लाने दगड खाल्लेला असतो, म्हणून घासून जात नाही, कोकम आणि चिंचही तेच करतात. क्वार्ट्झच्या ओट्याला काही होत नाही: त्यात रेझिन असतं, गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर तो भाग पिवळा पडू शकतो.

आणि त्या उघड्या फळ्या! परदेशी फोटोंत सुरेख दिसतात, कारण तिथे रोज मोहरी तडतडत नाही. आपल्याकडे चिमणी असली तरी आठवड्याभरात बरण्यांवर चिकटा बसतो आणि त्यावर धूळ. फळी हवीच असेल तर गॅसपासून लांब, आणि तिच्यावर रोज वापरून रोज घासली जाणारी भांडीच ठेवा.